न विझणारा दिवा : मोटारीच्या डॅशबोर्डवरील इशाऱ्यांचा इतिहास

मोटारीच्या डॅशबोर्डवर, म्हणजे चालकासमोरील दर्शनी फलकावर, एकदा पेटला की विझायचे नाव न घेणारा दिवा हा आज वाहनधारक आणि मेकॅनिक यांच्यातील वादाचा नेहमीचा विषय झाला आहे. गाडी व्यवस्थित चालत असते, इंजिनाचा आवाज बदललेला नसतो, दुरुस्तीचे पैसेही देऊन झालेले असतात आणि तरीही दिवा पेटलेलाच राहतो. या दिव्याचा इतिहास सुमारे नव्वद वर्षांचा आहे आणि एवढ्या काळात त्याचा स्वभाव मुळापासून पालटला. आरंभीच्या दिव्याला स्मरण नव्हते. तारेतून प्रवाह वाहिला की तो पेटे, थांबला की विझे आणि मागे काही उरत नसे. आजचा दिवा मात्र झालेल्या घटना नोंदवून ठेवणाऱ्या संगणकाच्या हुकमाने पेटतो, आणि म्हणून कारण दूर झाल्यावरही तो काही काळ पेटलेला राहू शकतो. याच काळात तो कोणासाठी पेटतो हेही बदलत गेले. प्रथम तो चालकासाठी होता, पुढे मेकॅनिकसाठी झाला आणि अखेरीस हवेच्या शुद्धतेची जबाबदारी घेतलेल्या शासनसंस्थेसाठी. दिवा का विझत नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीतल्या कारागिराला नव्याने शिकावे लागले, याचे कारण या स्थित्यंतरात आहे.

दिव्यांच्या आधीचा काळ तबकड्यांचा, आणि त्याही आधीचा काळ उघड्या डोळ्यांचा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील अनेक मोटारींत वंगणाचे तेल थेंबाथेंबाने इंजिनाकडे जाई आणि ते थेंब पडताना दिसावेत म्हणून चालकासमोर काचेच्या लहान नळ्या बसवलेल्या असत. थेंब पडायचे थांबले की चालकाने समजून घ्यायचे. १९१० च्या दशकात अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा बॉइस मोटोमीटर हा तापमापक लोकप्रिय झाला, जो बोनेटच्या पुढच्या टोकाला असूनही चालकाला आसनावरून वाचता येई. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि बॅटरी व डायनमो ही मोटारीची नित्याची अंगे बनली, तेव्हा वंगणाच्या दाबाच्या तबकडीशेजारी विजेचा प्रवाह दाखवणारा अँमीटरही आला. या साऱ्या साधनांत एक गृहीत होते: वाचणाऱ्याला वाचता येते. गरम इंजिन मंद गतीवर असताना दाबाचा काटा खाली येणे स्वाभाविक असते, पण त्याच गाडीने वेग घेतल्यावरही काटा तिथेच राहिला तर ते दुश्चिन्ह ठरते. हा फरक कळण्यासाठी इंजिनाची ओळख लागे, आणि मोटार जसजशी पगारी चालकाच्या हातून मालकाच्या हाती गेली तसतशी ही ओळख विरळ होत गेली.

१९३० च्या दशकात डेट्रॉइटच्या हडसन मोटर कार कंपनीने आपल्या गाड्यांत वंगणाचा दाब आणि डायनमोचे चार्जिंग यांच्या तबकड्या काढून त्यांच्या जागी तांबडे दिवे बसवायला सुरुवात केली. दिवा स्वस्त होता, जागा कमी घेई आणि न पाहणाऱ्यालाही दिसे. जाणकारांनी मात्र त्याला मूर्खांचा दिवा असे हिणवले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या मोटारप्रेमींत ते नाव आजतागायत टिकून आहे. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. वंगणदाबाचा दिवा पेटवणारे बटण सामान्यतः दर चौरस इंचास चार ते सात पौंड इतक्या खालच्या दाबाला जोडणी पूर्ण करते, म्हणजे दिवा दिसेपर्यंत बेअरिंगांना झीज सुरू झालेली असू शकते, तर तबकडीचा काटा आठवडेभर आधीपासून उतरणीला लागलेला दिसला असता. परंतु टीकाकारांनी एक बाजू दुर्लक्षिली, ती म्हणजे उतरणीला लागलेला काटा पाहणारे कोणीतरी असावे लागते. रात्रीच्या प्रवासात रस्त्यावर नजर खिळलेल्या चालकाला अचानक पेटलेल्या तांबड्या ठिपक्याने जितक्या वेळा वाचवले असेल, तितक्या वेळा काट्याने वाचवले असण्याचा संभव कमी आहे.

या विचारसरणीचे टोकाचे आणि यशस्वी उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. तिच्या डॅशबोर्डवर दीर्घकाळ वेग दाखवणारी एकच मोठी तबकडी होती आणि इंजिनाच्या प्रकृतीविषयी जे काही सांगायचे ते तिच्यातील दोन लहान दिवे सांगत. हिरवा दिवा वंगणाच्या दाबाचा आणि तांबडा डायनमोचा. आजच्या वाचकाला ही रंगयोजना उलटी वाटेल, पण तिच्यामागे ठोस कारण सापडते. बीटलचे इंजिन पाण्याने नव्हे तर हवेने थंड होई आणि ती हवा फेकणारा पंखा डायनमोच्याच दांड्यावर बसवलेला असे. दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरत. पट्टा तुटला की डायनमो थांबे, तांबडा दिवा पेटे, आणि त्याच क्षणी इंजिनाचे थंड होणेही बंद पडे. वरकरणी विजेविषयी बोलणारा हा दिवा प्रत्यक्षात उष्णतेचा इशारा देत होता, आणि तो पेटल्यावर घरापर्यंत जाऊ म्हणणाऱ्या चालकाच्या पदरी जळालेले इंजिन येई. दिव्यावर लिहिलेले एक आणि त्याचा अर्थ दुसरा, ही या विषयातली कायमची अडचण तेव्हापासूनची आहे.

डायनमोच्या दिव्याची रचना समजून घेणे येथे आवश्यक आहे, कारण जुन्या मेकॅनिकची सगळी तर्कपद्धती तिच्यावर उभी होती. हा दिवा बॅटरीकडून येणारी तार आणि डायनमोकडून येणारी तार यांच्या मध्ये जोडलेला असतो. चावी फिरवली पण इंजिन सुरू नाही, अशा स्थितीत एका टोकाला बॅटरीचा दाब असतो आणि दुसऱ्या टोकाला काहीच नसते, म्हणून प्रवाह वाहतो आणि दिवा पेटतो. इंजिन फिरू लागले, डायनमो वीज निर्माण करू लागला आणि दोन्ही टोकांचा विद्युत्दाब सारखा झाला की प्रवाहाला वाहण्याचे कारण उरत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा कोणी विझवत नाही. दोन बाजू समतोल झाल्या की तो आपोआप विझतो. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत फियाट, प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर यांच्यावर हात बसलेले ऑटो इलेक्ट्रिशियन या तत्त्वाचे शास्त्रीय विवेचन करत नसतील, पण त्यांची तपासणी नेमकी त्याच क्रमाने चाले. दिवा विझत नसेल तर आधी पट्टा अंगठ्याने दाबून त्याची ढिलाई पाहायची, मग डायनमोचे कार्बन ब्रश काढून झीज पाहायची, आर्मेचरची काळवंडलेली तांब्याची पट्टी पॉलिश पेपरने साफ करायची, आणि इतके करूनही दिवा राहिलाच तर कट-आउटचे झाकण उघडायचे. कट-आउट म्हणजे डायनमो मंद फिरत असताना बॅटरीची वीज उलट त्याच्यात जाऊ नये म्हणून जोडणी तोडणारे चुंबकी उपकरण. दिवा मंद मिणमिणत असेल तर अर्थिंग खराब, वेग वाढवल्यावर अधिक उजळत असेल तर कट-आउटची जोडणी होत नाही, असे निदान दिव्याच्या प्रकाशाच्या तीव्रतेवरूनच होत असे. डायनमोची जागा अल्टरनेटरने घेतली तेव्हा या दिव्याला आणखी एक काम मिळाले: अनेक अल्टरनेटरांना वीजनिर्मिती सुरू करण्यासाठी लागणारा पहिला किंचित प्रवाह याच दिव्यातून मिळू लागला, आणि परिणामी दिव्याचा बल्ब गेला की चार्जिंगच सुरू होत नाही, असा वरवर अजब वाटणारा बिघाड गॅरेजांत येऊ लागला.

वंगणदाबाच्या दिव्याची तपासणीही इतकीच स्वच्छ होती. इंजिनावर बसवलेल्या बटणात एक लवचिक पडदा आणि स्प्रिंग असते. तेलाचा दाब पडद्याला ढकलतो आणि दिव्याची जोडणी तोडतो. दिवा पेटून राहिला तर प्रथम इंजिन बंद करून डिपस्टिकने तेलाची पातळी पाहायची. पातळी योग्य असेल तर बटणावरची तार काढून चावी फिरवायची. तार मोकळी असतानाही दिवा पेटलेला दिसला तर ती तार वाटेत कुठेतरी सोलवटून गाडीच्या अंगाला टेकली आहे आणि इंजिन निर्दोष आहे. तार काढताच दिवा विझला तर दोष बटणात आहे किंवा खरोखरच दाबात आहे, आणि या दोहोंतला निवाडा बटणाच्या जागी तात्पुरती तबकडी लावून होतो. गरम झाल्यावर सिग्नलला थांबलेल्या गाडीत हा दिवा लुकलुकू लागला की बेअरिंगे घासली आहेत किंवा तेल पातळ झाले आहे, हे टॅक्सीचालकालाही ठाऊक असे. चार-पाच पावलांत, एका टेस्ट लॅम्पच्या आधाराने, संशयाचे क्षेत्र निम्मे-निम्मे करत जाणारी ही पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी होती. ती अशिक्षित हातांची अटकळ होती असे समजणे हा या कारागिरांवर अन्याय आहे.

दुरुस्तीनंतरही न विझणारा दिवा प्रथम संगणकाने आणला नाही, तो ब्रेकने आणला. अमेरिकेच्या १०५ क्रमांकाच्या संघीय सुरक्षा मानकानुसार १ जानेवारी १९६८ पासून मोटारीच्या ब्रेकचे द्रव वाहणारे मार्ग दोन स्वतंत्र भागांत विभागणे आणि एक भाग निकामी झाल्यास दिव्याने कळवणे बंधनकारक झाले. त्यासाठी अनेक उत्पादकांनी दोन्ही मार्गांच्या मध्ये एक लहान दट्ट्या बसवला. एका बाजूचा दाब गेला की दट्ट्या त्या बाजूला सरके आणि दिव्याची जोडणी पूर्ण करी. गळती दुरुस्त केली, ब्रेकमधली हवा काढली, तरी काही रचनांत हा दट्ट्या सरकलेल्या जागीच अडकून राही आणि उलट दिशेने दाब देऊन त्याला मध्यावर आणेपर्यंत दिवा पेटलेलाच असे. बिघाड संपला आणि त्याची आठवण उरली, हे दृश्य मोटार दुरुस्तीच्या इतिहासात बहुधा येथे पहिल्यांदा दिसते.

यानंतरची दिशा मात्र सुरक्षेने नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या हवेने ठरवली. त्या शहरावर १९४० च्या दशकापासून डोळे चुरचुरवणारे धुरके साचू लागले होते आणि त्याचा उगम कारखान्यांत शोधला जात होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट, ज्यांनी त्याआधी अननसाच्या स्वादद्रव्यांवर काम केले होते, यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की मोटारींतून बाहेर पडणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोन तयार करतात आणि धुरक्याचे मूळ त्यात आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवा संसाधन मंडळाची स्थापना करणारा कायदा केला आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या संघीय स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जनाच्या मर्यादा इतक्या खाली आणल्या की १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गात बसवलेले असे भांडे, ज्यातील प्लॅटिनमसारख्या धातूंच्या पातळ थरावर विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर होते.

आता एक नवा प्रश्न उभा राहिला. वंगण संपले तर चालकाचे नुकसान होते, म्हणून तो दिव्याकडे लक्ष देतो. कन्व्हर्टर निकामी झाला तर त्याची गाडी पूर्वीसारखीच धावते आणि नुकसान तिच्यामागे श्वास घेणाऱ्यांचे होते. अशा बिघाडाची चालकाला जाणीव करून द्यायची तर कशी? पहिले उत्तर ओबडधोबड होते. काही उत्पादकांनी ठरावीक मैल पूर्ण झाले की आपोआप पेटणारा दिवा बसवला, जो ऑक्सिजन सेन्सर किंवा धूर पुनःप्रवाहित करणारी झडप तपासायची आठवण करून देई. हा दिवा बिघाड ओळखत नव्हता, फक्त अंतर मोजत होता. भाग बदलला तरी तो विझत नसे, कारण तो विझवण्याची कळ डॅशबोर्डच्या मागे किंवा वेगदर्शकाच्या केबलवर दडलेली असे आणि ती न सापडल्यामुळे निर्दोष गाड्याही दिवा पेटवून फिरत राहिल्या.

खरा बदल १९८१ मध्ये झाला, जेव्हा जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकी पेट्रोल गाड्यांत इंधन आणि प्रज्वलन सांभाळणारा संगणक मोठ्या प्रमाणावर बसवला आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’ ही अक्षरे उजळू लागली. या संगणकाचे डोळे म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, जो बॉशने विकसित केला आणि व्होल्वोने १९७६ मध्ये प्रथम गाडीत वापरला. तो बाहेर पडणाऱ्या वायूंत उरलेला ऑक्सिजन मोजून इंधन जास्त जाते की कमी हे सांगतो. संगणकाला एखाद्या सेन्सरचे म्हणणे असंभाव्य वाटले की तो दिवा पेटवी आणि त्या दोषाचा क्रमांक स्मृतीत साठवी. तो क्रमांक वाचण्याची रीत विलक्षण साधी होती: डॅशबोर्डखालील जोडणीतील पहिल्या दोन टोकांत कागदाची टाचणी वाकवून घालायची, चावी फिरवायची आणि तोच दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. एक लुकलुक, विराम, दोन लुकलुकी म्हणजे बारा; आणि बारा म्हणजे इंजिन फिरत नसल्याने संकेत येत नाहीत, अर्थात संगणक शुद्धीवर आहे. त्यानंतरचा तेरा हा आकडा ऑक्सिजन सेन्सरच्या तारेचा, चव्वेचाळीस इंधन कमी पडत असल्याचा, पंचेचाळीस ते जास्त होत असल्याचा. दोष नाहीसा झाला की दिवा काही सेकंदांत विझे, पण आकडा मागे राही. येथे दिवा आणि स्मृती या दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या झाल्या, आणि विझलेल्या दिव्यामागेही काही लिहिलेले असू शकते, ही नवी जाणीव मेकॅनिकला आत्मसात करावी लागली.

प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, आकडे वेगळे, वाचण्याची रीत वेगळी, अशा गोंधळात कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीतच निदानयंत्रणा असण्याचा पहिला नियम लागू केला, ज्याला मागाहून ओबीडी-१ हे नाव मिळाले. ती तारा तुटल्या आहेत का एवढेच प्रामुख्याने पाही. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ही कल्पना संपूर्ण देशाला लागू केली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ओबीडी-२ आवश्यक ठरले. सोळा टोकांची एकसारखी जोडणी, पाच चिन्हांचे एकसारखे दोषक्रमांक आणि दिवा केव्हा पेटावा व केव्हा विझावा याचे कायद्याने घालून दिलेले नियम, ही त्याची तीन अंगे. बहुतेक दोषांसाठी, उत्सर्जन मर्यादेच्या सुमारे दीडपट होण्याचा संभव निर्माण झाला की दिवा पेटावा, पण इंजिन सुरू करून गाडी चालवण्याच्या एकाच फेरीतल्या शंकेवरून नव्हे तर सलग दुसऱ्या फेरीत तोच दोष आढळल्यावर. विझण्याचा नियमही तसाच कडक: दोष गेल्यावर सलग तीन फेऱ्यांत तपासणी निर्विघ्न पार पडली पाहिजे, आणि स्मृतीतील क्रमांक तर इंजिन चाळीस वेळा थंड अवस्थेतून गरम होईपर्यंत पुसला जात नाही. दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझत नाही यावरून मेकॅनिकवर संशय घेणाऱ्या ग्राहकाला हा नियम माहीत नसतो. इंजिनाच्या सिलिंडरात ठिणगी चुकून कच्चे इंधन कन्व्हर्टरमध्ये जळू लागले तर मात्र दिवा स्थिर न पेटता लुकलुकतो, आणि त्या वेळी वेग उतरवून गाडी बाजूला घेणे हाच शहाणपणा, कारण काही मिनिटांत कन्व्हर्टरचा गाभा वितळू शकतो.

नव्या पद्धतीचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही पी०४२० या एका दोषक्रमांकात दिसतात. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजन धरून ठेवतो आणि सोडतो, त्यामुळे पहिल्या सेन्सरचे संकेत सतत वरखाली होत असले तरी दुसऱ्याचे जवळपास संथ राहतात. दुसराही पहिल्यासारखा वरखाली होऊ लागला की संगणक निष्कर्ष काढतो की कन्व्हर्टरची क्षमता मर्यादेखाली गेली, आणि पी०४२० नोंदवून दिवा पेटवतो. परंतु दोन सेन्सरांच्या मधल्या जोडावर सायलेन्सर फुटला असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल तरीही हाच क्रमांक येऊ शकतो; इंजिन तेल जाळत असेल तर नवा कन्व्हर्टर बसवूनही काही महिन्यांनी तोच क्रमांक परत येतो. क्रमांक साक्षीदाराचे म्हणणे सांगतो, निवाडा देत नाही. टेस्ट लॅम्पच्या काळातला इलेक्ट्रिशियन तार काढून स्वतः प्रश्न विचारत होता आणि उत्तर त्याच क्षणी मिळवत होता. स्कॅनर हातात आल्यावर उत्तर आधी मिळू लागले आणि प्रश्न विचारण्याची सवय मोडू लागली. क्रमांक वाचून त्याच्या नावाचा भाग बदलणे, दिवा परत पेटला की पुढचा भाग बदलणे, ही जगभरच्या गॅरेजांत रूढ झालेली वाईट रीत या सवयमोडीतून आली.

बॅटरीची तार काढून स्मृती पुसून टाकण्याची युक्तीही तितकीच जुनी, आणि नियमकर्त्यांनी तिचा विचार आधीच केला होता. स्मृती पुसली की संगणक आपल्या सर्व तपासण्या अपूर्ण असल्याचे नोंदवतो, आणि वेगवेगळ्या वेगांत व तापमानांत काही काळ गाडी चालवल्याखेरीज त्या पूर्ण होत नाहीत. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या धूरतपासणी केंद्रांनी १९९६ नंतरच्या गाड्यांसाठी सायलेन्सरमध्ये नळी घालण्याऐवजी याच जोडणीतून संगणकाची नोंद वाचायला सुरुवात केली, तेव्हा अपूर्ण तपासण्या घेऊन आलेली गाडी परत पाठवली जाऊ लागली. दिवा आता चालकाशी कमी आणि शासनाशी अधिक बोलत होता. इतर दिवेही याच काळात वाढले. १९७८ मध्ये मर्सिडीजमध्ये आलेल्या एबीएस ब्रेकचा, १९८० च्या दशकात एअरबॅगचा, आणि २००० च्या कायद्यानंतर अमेरिकेत सक्तीच्या झालेल्या टायरच्या हवेचा, असे पिवळे-तांबडे दिवे डॅशबोर्डवर दाटीने बसले. त्यांच्या आकृत्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरल्या आणि तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे केवळ माहिती, असा रंगसंकेत रूढ झाला.

भारतात हा प्रवास उशिरा पण वेगाने झाला. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ ही उत्सर्जन मानके दिल्ली परिसरासह निवडक तेरा शहरांत लागू झाली, ज्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, आणि त्यांच्याबरोबर निदानयंत्रणेचा पहिला टप्पा आला. दुसरा, मर्यादेचे उल्लंघन ओळखणारा टप्पा एप्रिल २०१३ पासून. १ एप्रिल २०२० रोजी देश पाचवी पायरी गाळून थेट भारत स्टेज-६ वर गेला आणि दुचाकींच्या मीटरमध्येही इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा दिसू लागला. या मानकांची चाचणी आणि प्रमाणन करणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, अग्रभागी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या वेताळ टेकडीवरील प्रयोगशाळांतून या देशातील असंख्य वाहने तपासून गेली आहेत.

कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसजवळची सुट्या भागांची बाजारपेठ किंवा पुण्याची नाना पेठ येथील कारागिरांच्या दृष्टीने मात्र या बदलाचा अर्थ वेगळा होता. दोषक्रमांकांचा सामाईक भाग कोणालाही वाचता येत असला, तरी एबीएस, एअरबॅग, चावीची ओळख यांसारखे विभाग उत्पादकाच्या स्वतःच्या स्कॅनरशिवाय उघडत नसत आणि तो स्कॅनर अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेर मिळत नसे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानेच उत्सर्जनविषयक दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले होते. भारतात दिवा आला, पण त्याच्यासोबतचा हा हक्क आला नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना उपलब्ध न करून दिल्याबद्दल. आदेशाविरुद्ध अपिले झाली, प्रकरण लांबले, आणि दरम्यान बाजाराने आपला मार्ग काढला: एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील कंपनीच्या चिपवर, आणि बहुधा तिच्या स्वस्त नकलांवर, चालणारे खिशात मावणारे अडॅप्टर मोबाइलशी जोडून वाहनधारक स्वतःच कोड वाचू लागले. परंतु हक्क नाकारला गेल्याच्या काळात मेकॅनिकांची जी एक पिढी मागे पडली, तिचे नुकसान अशा अडॅप्टरने भरून निघालेले नाही. ज्यांना दिव्याच्या मंद-तेज प्रकाशावरून डायनमो ओळखता येई, त्यांच्याकडे नव्या यंत्रणेसाठी लागणारी तर्कशक्ती होतीच. त्यांच्यापासून दूर ठेवली गेली ती माहिती.

भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांनी आणखी एक नवलाचा दिवा आणला. सायलेन्सरच्या मार्गातील डीपीएफ ही जाळी काजळीचे कण अडवते आणि ती भरत आली की संगणक जास्त इंधन जाळून तापमान वाढवतो व काजळी भस्म करतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि पुरेशा वेगाने धावावी लागते. शहरातल्या गर्दीत रोज तीन-चार किलोमीटर रखडत जाणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, जाळी भरत जाते आणि डीपीएफचा दिवा पेटतो. हा दिवा सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर गॅरेजची गरजच नसते; महामार्गावर स्थिर वेगाने केलेला वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास त्याला विझवू शकतो. त्याकडे दुर्लक्ष करून शहरातच फिरत राहिले तर मात्र जाळी इतकी भरते की स्कॅनरने सक्तीचे दहन करावे लागते किंवा भाग बदलावा लागतो. येथे दोष कोणत्याही पुर्ज्याचा नाही, तर यंत्र आणि त्याचा वापर यांच्या विसंगतीचा आहे, आणि अशा दोषासाठी चालकाला त्याच्या रस्त्याविषयी विचारणे ही तपासणीची पहिली पायरी ठरते.

या सर्व व्यवस्थेचा पाया एका विश्वासावर होता, तो असा की गाडीतला संगणक स्वतःविरुद्ध खरी साक्ष देईल. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारी आज्ञावली असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या विश्वासाला तडा गेला. रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडणाऱ्या या गाड्यांचा डॅशबोर्ड शांत होता, कारण दिवा पेटवायचा तो संगणकच या फसवणुकीत सामील होता. भारतात एआरएआयने घेतलेल्या चाचण्यांत संबंधित गाड्यांचे रस्त्यावरील उत्सर्जन भारत स्टेज-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तीन लाख तेवीस हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. एप्रिल २०२३ मध्ये भारत स्टेज-६ चा दुसरा टप्पा लागू झाला, त्यात प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या मागे वायुमापक यंत्र बांधून उत्सर्जन मर्यादेत आहे का हे तपासणे नव्या मॉडेलांच्या प्रमाणनाचा भाग झाले.